चटणीच्या डब्यातला फोटो

कांदा-लसूण चटणीचा डबा उघडला की मला पोर्तुगालमधली माझी चूक आठवते. डब्याला सुईएवढं भोक पाडून फोटो काढायला शिकवतात म्हणून मी हौसेनं तिथं गेलो होतो, सोबत बायको आणि घरचाच चटणीचा रिकामा डबा. शिकवणाऱ्या बाईंनी फोटोचे दोनच कागद दिले. पहिला डब्यात ठेवला आणि भात शिजला का बघावं तसं मी भर उन्हात झाकण उघडलं. उजेड लागून कागद काळाठिक्कर. मग मात्र मी हट्टालाच पेटलो. उरलेला कागद डब्यात घातला, समुद्राकाठच्या बाकावर बायकोला बसवून बजावलं, "चार मिनिटं हलायचं न्हाय." "श्वास तरी घेऊ का?" म्हणत ती ताठ बसली. वाऱ्यानं डबा हलू नये म्हणून तो कठड्यावर दोन्ही हातांनी दाबून धरला. नाकात चटणीचा झणका, डोळ्यांत पाणी, पण तिच्यावरची नजर काढली नाही. तिसऱ्या मिनिटाला ती हसलीच. फोटोत बाक आला, समुद्र आला, तिचा चेहरा तेवढा धुरकट. आता तो फोटो आमच्या कोल्हापूरच्या घरात भिंतीवर आहे आणि पाव्हणे विचारतात, "हे भूत कुणाचं?" मी ऐकून घेतो. कारण त्या दिवशी मी खट्टू झालो, तेव्हा बायको म्हणाली होती, "असूद्या की. लग्न झाल्यापासनं पहिल्यांदाच एवढा वेळ माझ्याकडं बघितलासा."