मोटार सरकारची, दोरी माझी

अनोळखी नंबरवरून फोन आला की मी उचलत नाही. वाजून वाजून तो आपोआप थांबतो, मग मी त्या नंबरकडे बघत बसते. ओळखीच्या माणसांनाही शक्यतो मेसेजच करते. माझी ही सवय घरच्यांना ठाऊक आहे, मैत्रिणींना ठाऊक आहे. फक्त तहसीलला ठाऊक नव्हती.

त्या उन्हाळ्यात आमची विहीर अधिग्रहित झाली. म्हणजे विहीर आमचीच, पण पाऊस लागेपर्यंत तिचं पाणी शेजारच्या तांड्याला प्यायला द्यायचं, असा आदेश. तांड्यावर नळयोजना झालेली होती, उंच टाकी होती, दारोदार तोट्या बसल्या होत्या. पण ज्या बोअरवर ती सगळी योजना उभी होती, ते बोअर चैतातच आटलं. कुरुंद्याच्या अलीकडच्या त्या भागात तेव्हा पाणी टिकून होतं ते आमच्या विहिरीत. आदेश घेऊन ग्रामसेवक शेतात आले, तेव्हा वडिलांनी एकच विचारलं, "अन् हळद?"

"आधी माणसं, मामा," ग्रामसेवक म्हणाले.

"ते तर हायच," वडील म्हणाले आणि सही केली.

मग विहिरीपासून तांड्याच्या टाकीपर्यंत काळा पाइप टाकला. विहिरीवर आधी एकच कॉक होता, आमच्या हळदीच्या ठिबकचा. आता दुसरा बसला, तांड्याचा. आमचा कॉक बंद करून ग्रामसेवकांनी त्याला तार गुंडाळली. टाकीवर एक छोटा डबा बसवला. टाकीत पाणी आलं की नाही, ते तो डबा पंचायत समितीच्या ऑफिसात परस्पर कळवायचा.

राहिला प्रश्न मोटार चालू कुणी करायची. आमच्या मोटारीला मोबाइलवर चालणारा स्टार्टर आहे. तो आदल्या वर्षी मीच बसवून घेतला होता, म्हणून त्यात नंबर माझा. शेतीची लाईट येते-जाते तिच्या मर्जीनं. आली की स्टार्टर मला इंग्रजीत मेसेज पाठवतो. मी फोन लावला की मोटार सुरू होते आणि एक बाई इंग्रजीत सांगते की मोटार सुरू झाली. वडील तिला "तुझी मैत्रीण" म्हणतात. "तुझ्या मैत्रिणीला इचार, लाईट आली का?" त्यांच्या मते ती बाई माझ्यासारखीच बोलते. घाईत, आणि कुणाकडे न बघता.

ग्रामसेवकांना असा एकच नंबर हवा होता, जो कधीही लागेल. वडिलांचा बटनांचा फोन गोठ्यात खुंटीला असायचा. मग वडिलांनी माझा नंबर सांगून टाकला. "आमची पोरगी हिंगोलीला हाय. पतसंस्थेत. फोन कायम हातातच असतो तिच्या."

हातात असतो, हे खरं होतं.

पतसंस्थेत माझं टेबल मागच्या खोलीत आहे. मला ते आवडतं. गिऱ्हाईक समोर येत नाही, दिवसभर कॉम्प्युटरवर आकडे भरायचे. वसमतच्या इंग्रजी शाळेत गेले तेव्हापासून माझं असं झालंय. शाळेत माझी मराठी गावंढळ ठरायची आणि गावात मी दोन वाक्यं बोलले की कुणीतरी म्हणायचं, "आली मॅडम." दोन्हीकडे गप्प राहणं बरं, हे मी लहानपणीच ठरवून टाकलं.

आता रोजचं काम असं होतं. लाईट आल्याचा मेसेज आला की आधी तांड्यावर फोन करायचा. तिथे टाकीखालचा व्हॉल कुणीतरी उघडायचा, मग मी मोटार सुरू करायची. व्हॉल न उघडता मोटार सुरू झाली तर पाइप मधेच कुठेतरी निसटायचा आणि पाणी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर. व्हॉलची जबाबदारी टाकीशेजारी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईकडे होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात. तिला सगळा तांडाच याडी म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले.

पहिल्या दिवशी मी तिला मेसेज केला. मग लक्षात आलं, तिला वाचता येत नाही. फोन लावला आणि एका दमात पाठ केलेलं बोलून टाकलं. शेवटी म्हणाले, "उद्यापासून मी मिस कॉल देत जाईन. मिस कॉल आला की लाईट आली असं समजायचं आणि व्हॉल उघडायचा. उचलायची गरज नाही."

"बराबर," याडी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मिस कॉल दिला. एक रिंगही पूर्ण झाली नाही, तिनं उचलला.

"बोल, बेटा."

"याडी, मिस कॉल होता. उचलायचा नव्हता."

"असं व्हय? बरं. जेवली का?"

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी अर्धी रिंग वाजायच्या आत कापायचा प्रयत्न केला, तर तिनंच उलट फोन केला. "फोन कटून राहिला बाई तुझा. काय तकलीफ हाय का?"

"तकलीफ नाही. तो मिस कॉलच होता."

"हे बघ," ती म्हणाली, "आमी तुझ्या बापाचं पाणी पिऊन राहिलो. अन् तू मला निस्ती घंटी वाजवून दाखवती? मी काय शाळेचा शिपाई हाय? बोलावं माणसानं."

मागे दोन-तीन बाया हसल्याचं ऐकू आलं. मला वाटलं मला राग यायला हवा. आला नाही.

मग आम्ही बोलू लागलो. बोलायची ती. व्हॉल उघडून टाकीत पाणी पडायला लागेपर्यंत फोन सुरू ठेवायचा, असा तिनं कायदाच केला. शेळी व्याली. सून माहेराहून आली, अन् येताना लोणच्याची बरणी फोडूनच आली. नळाला पाणी आलं की पोरं तोटीखाली डोकं घालतात, त्यांना हाणायला एक माणूस लागतो. "आलं गं आलं," असं ती मधेच ओरडायची, म्हणजे पाणी टाकीत पोचलं. हळूहळू मला ते ओरडणं ऐकल्याशिवाय फोन ठेवावासा वाटेना. मैत्रीण सांगायची की मोटार सुरू झाली. पाणी पोचलं की नाही ते तिला कुठं ठाऊक होतं?

आमची हळद आम्ही दरवर्षी पाऊस लागायच्या आधी लावतो. ठिबकवर जगवायची, मग पाऊस तिला हातात घेतो. त्या वर्षी वडील थांबले होते. पण लिंबाखाली झाकून ठेवलेल्या बेण्याला कोंब फुटले. कोंब फुटलेलं बेणं फार दिवस तसं ठेवता येत नाही, कुजतं. वडिलांनी निम्मं बेणं लावून टाकलं. पाऊस आठवड्याभरात येईल अशा हिशेबानं.

पाऊस आला नाही.

मी रविवारी घरी गेले. वसमतहून गावाकडची एस. टी. मिळून घरी पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. वडील विहिरीवर होते. विहिरीच्या तोंडाशी, थारोळ्याच्या दगडावर उभं राहून बादलीनं पाणी शेंदत होते. जुनी काथ्याची दोरी. दोन डबे भरले की खांद्यावर कावड घेऊन वाफ्यात जायचे, वाटीनं एकेका कोंबाच्या बुडाला पाणी घालायचे, परत यायचे.

"तार काढू का? मी आत्ता मोटार लावते," मी म्हणाले.

"न्हाई."

"थोडाच वेळ. तांड्याला कमी पडणार नाही."

"तुला काय ठाव, पडंल का न्हाई?" वडील म्हणाले. मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "मोटार सरकारची हाय आत्ता. दोरी माझी हाय. दोरीनं जेवढं येतं, तेवढं माझं."

असा नियम कुठल्याही आदेशात नव्हता. पण त्यांनी तो स्वतःशी करून टाकला होता, आणि मोडायचा नव्हता. जेवताना त्यांनी भाकरी बोटांच्या टोकांनी मोडली. मी बघितलं तर हात पाठीमागे घेतला. आईनं सांगितलं, तळहात सोलून निघालेत. त्यांना हळद लावतात आणि परत शेंदायला जातात.

"त्याच हळदीपायी हात गेले, अन् तीच लावून राहिले," आई म्हणाली. वडील हसले. मला हसू आलं नाही.

हिंगोलीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी लाईटचा मेसेज आला. मी याडीला फोन लावला. तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, "बाप कसाय?" मी रोज "बरे आहेत" म्हणायचे. कुणीही काहीही विचारलं तरी माझं उत्तर 'बरं आहे' एवढंच असतं. त्या दिवशी मी म्हणाले, "हात सोललेत त्यांचे."

"काहून?"

आणि मी सांगत गेले. बेण्याला कोंब आले ते, दोरीचं, वाटीचं. काही मागायचं म्हणून नाही सांगितलं. तिनं विचारलं आणि तोंडातून गेलं, एवढंच. तिकडून टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला, पण ती "आलं" म्हणून ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बरं. ठेव आता."

दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तिचाच फोन आला. "मी तुमच्या हिरीवर हाय. लाईट आली की सांग."

"विहिरीवर? व्हॉल कोण उघडणार?"

"टाकीचा व्हॉल आज बंद. काल आमी माठ, घागरी, बॅरल सगळं भरून घेतलं. बाया म्हनल्या, एक दिवस धुनं न्हाई केलं तर कोन मरत न्हाई. इथला आमचा कॉक बंद करून तुमचा उघडला, तारबी सोडली मी. लई घट आवळली होती मेल्यानं, नख तुटलं माझं."

"याडी, वडील रागावतील."

"रागवू दे. तू चालू कर."

लाईट आली. मी मागच्या खोलीत एकटीच होते, तरी उठून दाराकडे बघून आले. मग मोटारीला फोन लावला. मैत्रिणीनं रोजच्याच आवाजात सांगितलं की मोटार सुरू झाली. मी याडीला परत फोन लावला. तिनं उचलला आणि बहुतेक तसाच कमरेला खोचला, कारण पुढचं सगळं मला लुगड्याआडून ऐकू आलं.

"कोनं चालू केली मोटार?" हा वडिलांचा आवाज, लांबून येणारा. "बंद करा! ते तांड्याचं पाणी हाय!"

"मंग आमीच तर हाव की तांडा," याडी म्हणाली. "आमचं पाणी आमी कुठंबी सांडू."

"आदेश हाय, याडी."

"आदेश माणसांना पाणी द्यायचा हाय ना? दादा, तू माणूसच हायस. ती दोरी ठेव खाली. ठेव. अन् हात दाखव इकडं."

मग बादली दगडावर टेकल्याचा आवाज आला. ठिबकच्या नळ्यांत पाणी भरताना आधी हवा बाहेर पडते, तिचा फुसफुस आवाज येतो. तो मला हिंगोलीत बसून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला तो आल्यासारखा वाटला. एक बाई म्हणाली, "अगं, निघालं बघ थेंब." आणि वडील अगदी हळू म्हणाले, "एक दिवस बास. उद्या न्हाई."

"उद्याचं उद्या," याडी म्हणाली.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी वाजू दिला. थांबला. परत आला. तेव्हा मी उचलला. पंचायत समितीतून कुणी साहेब बोलत होते. टाकीवरचा डबा आज पाणी आल्याचं दाखवत नाही. मोटार चालली नाही का? पाइप फुटला का? लाईटचा घोळ आहे का?

लाईटचा घोळ म्हणणं सोपं होतं. त्यांनीच उत्तर हातात दिलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "पाइप नीट आहे. तांड्यातल्या बायांनी आजचं पाणी आमच्या हळदीला दिलं. त्यांनी काल साठवून ठेवलं होतं. उद्यापासून टाकीत येईल."

"त्यांनी दिलं म्हणजे? कुणी परवानगी दिली?"

"पाणी त्यांचं होतं, सर."

माझी मराठी नीट आली. पलीकडे ते कुणाशी तरी बोलले. मग म्हणाले, "असं पर्यायात नाहीये हो इथं कॉम्प्युटरवर. नादुरुस्त, वीज नाही, पाणी नाही, एवढंच आहे." मग त्यांनीच विचारलं, "हळद जगंल का पण तेवढ्यावर?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

वडिलांनी परत मोटारीचं पाणी घेतलं नाही. दोन दिवसांनी दोरी पुन्हा हातात घेतली, पण या वेळी तांड्यातल्या दोघी सुना आळीपाळीनं शेंदायला येत होत्या. दोरी कुणीही ओढली तरी चालते, असा वडिलांच्या नियमात बदल झाला होता. कडेची काही रोपं गेली. बाकीची पाऊस लागेपर्यंत धीर धरून उभी राहिली.

पुढे अधिग्रहण संपलं. ग्रामसेवक येऊन काळा पाइप गुंडाळून घेऊन गेले. त्यानंतर एका सकाळी लाईटचा मेसेज आला आणि मी सवयीनं याडीला फोन लावला. लावल्यावर आठवलं, की आता काही सांगायचं नाही. कापायला गेले, तर तिनं उचललाच होता.

"बोल, बेटा."

"काही नाही. लाईट आलीय."

"इथंबी आलीय. हळद कशी हाय?"

"दोन पानांवर आहे. वडील म्हणाले, बघायला या."

"येते ना," याडी म्हणाली. मग जरा वाट बघून म्हणाली, "अन् काय? बोल की अजून."

मी खुर्ची खिडकीकडे ओढली आणि बोलू लागले.