गाळणीबाईंनी धरलेलं मनगट

आमच्या कॅथलॅबमधल्या, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीतल्या, सिस्टरना सगळे पाठीमागे गाळणीबाई म्हणतात. हृदयातून ओढून काढलेलं रक्त त्या जाळीवर ओततात आणि गुठळीचे तुकडे निरखत बसतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही. मी तिथला एक्स-रेवाला. बावीस वर्षं आम्ही दोघं शिशाचे एप्रन घालून शेजारी उभे आहोत. त्यांच्या कमरेचे केव्हाच बारा वाजलेत, माझे गुडघेही कामातून गेलेत. कंटाळा आलाय, खरं सांगतो.

आज दुपारी चौथी केस आली. बेचाळीस वर्षांचा शिंपी, हार्ट अटॅक. पडद्यावर पाहिलं तर हृदयाची रक्तवाहिनी एका जागी फुगलेली आणि तो फुगवटा गुठळ्यांनी गच्च भरलेला. एवढ्या रुंद जागेत स्टेंट मोठ्या मापाच्या चपलेतल्या पायासारखा सैल बसला असता. म्हणून धाकट्या डॉक्टरांनी आत नळी घातली आणि गुठळी ओढायला घेतली.

दोन सिरिंजा भरल्या. तिसरीत रक्तच येईना. सकाळपासून डॉक्टरही उभेच होते. नळी तुंबली असं वाटून त्यांनी ती धुवायला सलाइन मागितलं. बाईंनी दिलं नाही. उलट त्यांचं मनगट धरलं.

"गुठळी नळीच्या तोंडाशी अडकलीय," त्या म्हणाल्या. "पाणी सोडलंत तर सुटून मेंदूत जाईल. ओढ तशीच ठेवा आणि अख्खी नळी बाहेर घ्या."

डॉक्टरांनी तसं केलं. जाळीवर अर्ध्या बोटाएवढी गुठळी पडली. पडद्यावर रक्त वाहू लागलं.

शिंपी शुद्धीवरच होता. छातीवरचं ओझं उतरल्यावर त्याची जी टकळी सुरू झाली, ती थांबेना. बायको बाहेर घाबरली असेल, कुणाचे तरी कोट शिवायचे राहिलेत, काय नि काय. माझं डोकं उठलं. मी त्याला गप्प करायला निघालो.

"बोलू द्या त्याला," बाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"एकदा मागितलं तसं सलाइन दिलं होतं मी. माणूस वाचला. बायकोला हाक मात्र परत कधी मारता आली नाही त्याला."

त्या दिवशीही पडद्यासमोर मीच होतो. अडकलेली गुठळी मलाही कळली होती, आणि मी तोंड उघडलं नव्हतं.