पोर पोटात, मशीन पाठीवर

"पाठीकडं काय बगताय? पोर पोटात आस्तंय!" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंवर खेकसल्या.

ओटीपोट पाहून झालं होतं. मी कुशीत दुखतं म्हणाले, म्हणून बाईंनी मला वळवून मशीन उजव्या बरगडीखाली लावलं होतं.

"गर्भ नाहीये. किडनी फुगलीय. हायड्रोनेफ्रोसिस." म्हणजे किडनीतून खाली येणाऱ्या नळीत खडा अडकला होता, लघवी मागे तुंबून किडनी फुगत गेली होती. "कधीपासून दुखतंय?"

तीन महिने.

लग्नाला सहा वर्षं झालेली. पाळी चुकली, उलट्या सुरू झाल्या आणि आत्याबाईंनी निकाल लावून टाकला. घरच्या चाचणीत एकच रेघ आली, तर म्हणाल्या, "त्या पट्टीला काय कळतंय?" लोहगडवाडीत आमचं पिठलं-भाकरीचं हॉटेल आहे. तिथल्या चुलीपुढून त्यांनी मला उठवलं आणि दूधभात दिला. सहा वर्षं टोमणे खाल्ल्यावर तो फार गोड लागला.

कळ आली की मी लोणावळ्याला डॉक्टरकडे जाऊ म्हणायचे. "तीन म्हयनं हूंदे. आदी बोभाटा केला की दिष्ट लागती." नवरा आईच्या शब्दाबाहेर नाही. पुढे कळ आपोआप कमी झाली. मला बरं वाटलं. किडनी मरत होती तेव्हा.

पुण्यात दुसरं स्कॅन झालं. ही किडनी काम करत नाही, काढावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. उलट्या तिच्यामुळेच होत्या, आणि आजारपणात पाळीही चुकते. "पहिल्याच महिन्यात आला असतात, तर वाचली असती."

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले, तर आत्याबाई शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या, "पोर न्हाई ते न्हाईच, किडनी बी घालवली हिनं." मला रडू आलं नाही. संताप आला.

बायांनो, कुशीत कळ येत असेल, तर कुणाच्या तीन महिन्यांची वाट पाहू नका. सोनोग्राफीत सुई नसते, दुखत नाही. त्या मशीनचे मी आभार मानते. सहा वर्षांत माझ्या अंगात मुलाशिवाय दुसरं काही पाहणारं ते पहिलंच.

घरी सोडताना डॉक्टर मला एकटीला म्हणाले, "दुसरी किडनी उत्तम आहे. तपासण्या चालू ठेवा. मूल हवं असेल, तर होऊ शकेल."

आत्याबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हनला डाक्टर?"

"पानी लय प्यायला सांगितलंय," मी म्हणाले.

बाकीचं अजून सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.