हवालदारांनी उचललेला गोठा

सयाजीराव हवालदारांनी चोवीस वर्षं फौजेत काढली, पण बंदुकीपेक्षा त्यांच्या हातात पाना आणि जाड दोर जास्त असायचा. त्यांची पलटण पूल बांधणारी होती. पेन्शनीत निघून कृष्णाकाठच्या आमच्या गावात परतले, तसे ते आपल्या गोठ्यातच रमले. घर त्यांनी स्लॅबचं नवं बांधलं. गोठा मात्र तोच, आज्याच्या वेळचा. तीन रांगांत अठरा सागवानी खांब, वर कौलं, कडेनं कुडाच्या भिंती.

मी समोरच राहतो. सकाळी दात घासत ते एकेका खांबावर थाप मारत फिरायचे, ते मी रोज पाहिलंय.

मुलगा वीरधवलही फौजेतच. गाई बघायची त्याची बायको, प्रियदर्शनी. ती विट्याकडची, वडिलांचं कोईमतूरला सोनं गाळायचं दुकान, त्यामुळं तिचं निम्मं लहानपण तिकडं गेलेलं. लग्नाआधी तिनं गाईला हातसुद्धा लावला नव्हता. पण पाच वर्षांत दोनाच्या अकरा गाई केल्या. उंच, काळ्या-पांढऱ्या, दुधाळ गाई. गोठा त्यांना पुरेना. छप्पर इतकं ठेंगणं की आत वारा फिरायचा नाही, उन्हाळ्यात जनावरं धापा टाकायची.

"मामंजी, लोखंडी शेड घालूया," ती एकदा जेवताना म्हणाली. "ह्यात गाई आजारी पडायला लागल्यात."

सयाजीरावांनी भराभर जेवण उरकलं. चूक काढावी असं तिच्या बोलण्यात काही नव्हतं, हीच अडचण होती. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "घाल पोरी. गाई जगल्या पायजेत."

जुन्या लाकडाचा व्यापारी तानाजी साताऱ्याहून आला. असे खांब त्याच्याकडून हॉटेलवाले नेतात. खांब बघून तो खूश झाला. दुसऱ्या दिवशी गावातला म्हातारा सुतार गुंडा शिडी लावून कौलं उतरवायला लागला. सयाजीराव तेवढ्यापुरते मळ्यात निघून गेले.

दुपारी गुंडानं त्यांना बोलावणं धाडलं. "आवं हवालदार, हिकडं या. ह्ये बघा."

खांबाच्या डोक्याशी पटाशीनं मारलेल्या तीन रेघा होत्या. त्याच्यावर बसलेल्या तुळईच्या टोकालाही तीनच. शेजारी चार आणि चार. सयाजीराव शिडी सरकवत, धूळ पुसत अठराही खांबांशी चढले. प्रत्येकावर खूण होती आणि एकही खिळा नव्हता. खांबाचं टोक तुळईच्या खाचेत बसवून वर लाकडी पाचर ठोकलेली.

"ह्यो गोठा एकदा सोडून परत जोडल्याला हाय," गुंडा म्हणाला. "न्हाईतर नंबर कशाला घालंल कोण?"

सयाजीराव शिडीवरच थांबले. त्यांच्या घरात एक बोलणं होतं. त्यांच्या वडिलांचा जन्म कधीचा, तर 'गोठा वर आणला त्या सालचा'. सगळ्यांना वाटायचं, पुरात गुरं वर आणली असतील. आता कळलं. आज्यानं महापुरानंतर नदीकाठचा अख्खा गोठा खांबाखांबानं सोडून गावठाणात आणून उभा केला होता.

ते खाली उतरले ते थेट सुनेकडं गेले. "प्रिया, तुला उंची किती पायजे?"

"अडीच फूट तरी. का?"

"मग पाडायचा कशाला? उचलूया की!"

ती हसली, मग त्यांचा चेहरा बघून मोजायचा टेप घेऊन आली. त्यांच्या बायकोनं, हरणाबाईनं, कपाळाला हात लावला. "वय काय, करताय काय!"

तानाजी बिचारा चहा पिऊन परत गेला.

उसाचा हंगाम संपलेला, ट्रॅक्टरवाले मोकळे होते. त्यांच्याकडून ट्रॉलीचे अठरा जॅक जमले. प्रत्येक तुळईखाली टेकू, टेकूखाली जॅक, जॅकपाशी एक माणूस. मीही एका जॅकवर होतो. सयाजीराव शिट्टी वाजवायचे, आम्ही दांडा दोनदा दाबायचा आणि थांबायचं. मग ते पाण्याची नळी लावून सगळी उंची सारखी आहे का ते बघायचे. दिवसाला सहा बोटं, त्याहून जास्त नाही.

चौथ्या दिवशी पश्चिमेचा कोपरा करकरला. दोन कौलं घसरून फुटली. माणसं पळाली आणि सयाजीराव नेमके आत शिरले.

"मामंजी, बाहेर या!" प्रियदर्शनी ओरडली.

"कुणी हात लावू नका. दोर टाक!"

तिनं दोर टाकला. त्यांनी तो खांबाला दोन वेढे देऊन समोरच्या खांबाशी आवळला, टेकू सरळ केला आणि घामानं निथळत बाहेर आले. सून पुढं आली. "परत असं केलं तर मी ह्यांना फोन करून सांगीन," ती म्हणाली. त्या दिवशी काम तिथंच थांबवलं.

आठव्या दिवशी खांबांखाली काळ्या दगडाचे उंच तळखडे बसले आणि जॅक निघाले. कुडाच्या खाली अडीच फूट मोकळी जागा राहिली. तिथून नदीवरचा वारा आत आला. गाई नव्या जागेत आणल्यासारख्या हुंगत फिरल्या. त्या उन्हाळ्यात त्या धापा टाकत उभ्या राहिल्या नाहीत. कौलांखाली पत्र्यासारखं तापत नाही, हे प्रियदर्शनीनंच मला सांगितलं, जरा अभिमानानं.

पुढं सांगलीच्या एका कॉलेजातली मुलं मोजमाप घ्यायला आली. एकीनं विचारलं, "आजोबा, ह्याचं मोल किती वाटतं तुम्हाला?"

सयाजीरावांनी तुळईवरच्या रेघांकडं बोट केलं. "आमाला ठावं न्हवतं ते ह्यो गोठाच सांगत हुता," म्हणाले. "आमी वर बघितलंच न्हाई कवा."

आता ते आणि गुंडा जोडीनं फिरतात. पलीकडच्या गावात हंबीररावांची जुनी पडवी त्यांनी उचलून दिली. गेल्या आठवड्यात वाईहून जयराज नावाचा गृहस्थ त्याच्या गोठ्याचे फोटो घेऊन आला होता. फोटो बघून गुंडा नको नको म्हणत होता. सयाजीराव मात्र हरणाबाईला विचारत होते, "वाईची पैली एस्टी किती वाजता अस्ती गं?"