दोन कुलपांची पेटी

ओटोबर्गच्या खाटकाकडून आणलेलं मांस लिओना ड्रायलिंग घरी येऊन पुन्हा तोलायची, आणि तेही खाटकाच्या कानावर जाईल अशा बेताने. पाद्रीबाबांनी प्रवचनात सांगितलेलं वचन ती बायबल उघडून ताडून बघायची. नवरा हयात होता तोवर तो बिचारा "गाईंना पाणी पाजलं" म्हणाला की ही उठून गोठ्यात जायची. गावात कुणी फारच खोदून विचारू लागलं की लोक म्हणत, "आली लिओना." तिला हे ठाऊक होतं आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं.

तिचा आजा व्होल्गाकाठचा जर्मन. तुमची पोरं कधी सैन्यात नेणार नाही, असा शब्द रशियाच्या राणीने त्या लोकांना दिला होता. पुढच्या एका झारने तो मोडला आणि आजा बायकापोरं घेऊन कॅन्ससच्या माळावर आला. "राणी भली होती, म्हणून तर फसलो," तो सांगायचा. "इथं बरंय. इथं कायदा करणाऱ्यांनी एकमेकांवरसुद्धा विश्वास ठेवला नाही." लिओनाने शाळेत राज्यघटना वाचली, अध्यक्षाला संसदेने कुठे अडवायचं आणि दोघांना न्यायालयाने कुठे, हे पाठ केलं, तेव्हा तिला वाटलं, ही माणसं आपल्याच घरातली दिसतात.

पुढे ती त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. कोबी आणि खिमा भरलेले पाव तिच्यासारखे कुणाला जमत नसत. निवडणूक आली की मात्र ती शाळेच्या व्यायामशाळेत टेबलामागे बसायची, डेमोक्रॅट पक्षाच्या वतीने. शेजारच्या खुर्चीत रिपब्लिकनांचा मर्ल होबॅक, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. एका पक्षाचा एक आणि दुसऱ्याचा एक, असाच नियम. मतपेटीला दोन कुलपं, एकाची किल्ली हिच्याकडे, दुसऱ्याची त्याच्याकडे. मतदान संपलं की झाकणावर कागदी पट्टी चिकटवून दोघांनी सह्या करायच्या आणि एकाच गाडीतून पेटी काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, कचेरीत पोचवायची. वाटेत ती दोघांपैकी एकाच्याही नजरेआड होता कामा नये. मर्लला रस्त्यात लघवीला उतरायचं झालं, तर तो लिओनालाही खाली उतरवायचा आणि ती पाठ करून उभी राहायची. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते हेच.

त्या ऑगस्टच्या मतपत्रिकेत उमेदवारांच्या नावांखाली एक प्रश्न होता: ओटोबर्गची शाळा बंद करून पोरांना काउंटीच्या गावी पाठवावं का? लिओनाची नोकरी त्या शाळेत होती आणि जीवही तिथेच होता. मर्ल उघड म्हणायचा, "मूठभर पोरांसाठी कर कुणी भरायचा?" मतं अटीतटीची पडणार आणि निकाल आपल्या पेटीवर लागणार, हे दोघांनाही कळत होतं.

त्या दिवशी मर्ल सकाळपासून गप्प होता. टोमणा नाही, वाद नाही. पाव पुढे केला तर "नको" म्हणाला, आणि हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जात होता. लिओनाच्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरतंय, तिने ठरवून टाकलं.

संध्याकाळी ते निघाले तेव्हा ऊन अजून तापत होतं. ट्रकमध्ये दोघांच्या मधे पेटी, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी. निम्म्या वाटेवर मर्लने ट्रक कडेला घेतला.

"काय झालं रे?"

"छातीत कळ येतेय. समोर वासिंगरचं घर दिसतंय ना, तिथं जा. फोन करून अँब्युलन्स मागव. मी बसतो पेटीपाशी."

बरोबर. आजच कळ यायची होती, आणि तीही अशा आडरस्त्यावर. तो घामाने भिजला होता खरा, पण त्या उकाड्यात तीही भिजली होती.

"मी पेटी घेऊन जाते," ती म्हणाली.

"एकटी? मेलो तरी नाही."

"मग तूही चल."

"चालता आलं असतं तर तुझी विनवणी केली असती का, बाई?"

लिओनाला गाडी चालवता येत नव्हती. ती नुसती बसून राहिली. मर्लने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. त्याने खिशात बोटं घालून किल्ली काढली. "घे. पेटी माझ्याकडे, किल्ल्या दोन्ही तुझ्याकडे. आता तरी हल."

तिने किल्ली घेतली. आणि मग तिने ती त्याच्या कुलपात घालून फिरवली. खरी आहे की नाही ते बघायला. कुलूप उघडलं, तिने परत लावलं.

"झालं समाधान?" मर्ल म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मग ती धावली, वयाला झेपत नव्हतं तरी धावली. फोन करून ती यूजीन वासिंगरला घेऊन परतली, तेव्हा मर्ल पेटीला मिठी मारून पडला होता, शुद्ध हरपलेली. लिओनाची नजर आधी पट्टीवर गेली, मग त्याच्या तोंडाकडे. नंतर कितीतरी दिवस तिला या गोष्टीची लाज वाटत राहिली.

अँब्युलन्स आली. त्याला आत चढवत असताना लिओनाच्या ध्यानात आलं की आता पेटी तिच्याकडे आहे, आणि किल्ल्याही दोन्ही तिच्याकडेच. शाळा वाचवायला याहून सोयीची संध्याकाळ मिळाली नसती. तिला स्वतःचीच भीती वाटली. ती अँब्युलन्सच्या पायरीवर चढली, मर्लची किल्ली तिने त्याच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

"तू कुठल्या पक्षाचा?" तिने यूजीनला विचारलं.

"रिपब्लिकन. का गं?"

"तुझ्या बायकोला बोलाव, गाडी ती चालवेल. पेटी तू मांडीवर घे, मी शेजारी बसते."

कचेरीतल्या मुख्य कारकूनबाईंनी कपाळाला हात लावला. "मरणाऱ्या माणसाच्या खिशात किल्ली? अगं, तुझ्या हातात होती ना?"

"हातात होती, पण माझी नव्हती. आणि लिहून घ्या, मी फोन करायला गेले तेव्हा पेटी माझ्या नजरेआड होती." हे सांगायला तिला कुणी भाग पाडलं नव्हतं.

पेटी तिजोरीच्या खोलीत बंद झाली. मर्ल त्याच रात्री गेला. सकाळी त्याची बायको आर्डिथ दवाखान्यातून सरळ कचेरीत आली आणि तिने किल्ली टेबलावर ठेवली. दोन्ही पक्षांच्या माणसांनी पट्टी तपासली आणि मतं मोजली. थोडक्या मतांनी शाळा गेली. लिओनाने निकालाखाली सही केली आणि घरी जाऊन दार लावून घेतलं.

नोव्हेंबरच्या निवडणुकीला मर्लच्या खुर्चीत आर्डिथ आली. मोठी मायाळू बाई, कुणालाही घरात घ्यायची. सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी दोघींनी रिकामी पेटी लोकांना दाखवून बंद केली, आणि आर्डिथने आपली किल्ली लिओनापुढे धरली.

"तूच ठेव दोन्ही. मर्लने शेवटी तुझ्याच हाती दिली होती की. तुझ्यावर कोण संशय घेणार?"

लिओनाला राग आला, आणि रागाच्या भरात इतके महिने गिळलेलं बाहेर पडलं. "दिली होती. आणि मी ती लावून पाहिली, आर्डिथ. तो कळा सोसत होता आणि मी कुलपात किल्ली फिरवत होते. तेवढा वेळ गेला नसता तर कुणास ठाऊक..."

आर्डिथने पेटीवर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

"लागली?" तिने विचारलं.

"लागली."

"लागणारच." आर्डिथने किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मग तिने तळहात पुढे केला. "आता तुझी दे बघू. मीही लावून बघते."

लिओनाने दिली. आर्डिथने ती कुलपात घालून सावकाश फिरवली, उघडलं, पुन्हा लावलं, आणि ऑगस्टपासून लिओनाच्या छातीवर बसलेलं ओझं उतरलं.