पडण्याची नोकरी

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात एका छोट्या कंपनीत गुड्रुन स्कोव्बो पगार घेऊन पडायची. वय अडुसष्ट. पूर्वी हँडबॉलची गोलकीपर. चेंडूमागे झेपावण्यात अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळे पडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हातारी माणसं घरात पडली की मनगटावरच्या पट्ट्याने ते ओळखून आपोआप मदत बोलवायची, असं यंत्र तिथे तयार होत होतं. त्या पट्ट्याला पडणं ओळखायला शिकवायचं काम गुड्रुनचं. तीन वर्षांत ती पट्टा बांधून गादीवर चार हजार वेळा पडली. इंजिनिअर ट्रोल्स उठवायला आला की त्याचा हात झटकायची. "हो बाजूला! मी काय बटाट्याचं पोतं आहे?" पडली तरी नाक वर.

एका मंगळवारी ती स्वतःच्या स्वयंपाकघरात खरंच पडली. झेप नाही, आवाज नाही. फ्रीजमधून हेरिंग माशाची बरणी काढताना गुडघ्याने दगा दिला आणि बाईसाहेब दार धरून हळूहळू घसरत जमिनीवर बसल्या. तासभर उठता येईना. मनगटावरचा पट्टा मख्खासारखा गप्प.

सोमवारी हेच पट्टे दोनशे म्हाताऱ्यांच्या हातात जाणार होते. सांगावं, तर खरोखर पडलेल्या बाईला कंपनी पुन्हा पडू देणार नाही. म्हणजे नोकरी गेली. न सांगावं, तर उद्या कुणीतरी असंच फ्रीजपाशी बसून राहील. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

शुक्रवारी ती केक घेऊन आली. कंपनीत रिवाजच होता, ज्याने घोळ घातला त्याने केक आणायचा.

"तू कसला घोळ घातलास?" ट्रोल्स हसत म्हणाला.

"तीन वर्षं तुमच्या पट्ट्याला गोलकीपरचं पडणं शिकवलं. म्हातारी माणसं तशी पडत नाहीत रे, शहाण्या."

"तुला काय माहीत?"

"मंगळवारी पडले ना! चल फ्रीजपाशी, दाखवते."

ऑफिसच्या फ्रीजचं दार धरून ती सगळ्यांदेखत सावकाश घसरली. पट्टा गप्पच. ट्रोल्सचा चेहरा उतरला. सोमवारचं वाटप त्याने तिथल्या तिथे थांबवलं.

"आणि गुड्रुन, आता तुला..."

"पडू देणार नाही. ठाऊक आहे."

तिला हात लावायचा नाही, या सवयीने तो लांबच उभा होता. गुड्रुनने फ्रीजला धरून उठायला एकदा जोर लावून पाहिला.

"बघत काय उभा राहिलास, मेल्या? हात दे."