मागच्या सीटवर तीन पैलवान

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण म्हशीच्या बाबतीत मला आजवर कुणी फसवलेलं नाही, आणि गाडीच्या बाबतीतही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला काळजी नको.

कोल्हापुरात दूध कट्ट्यावर माझ्या म्हशी बांधलेल्या असायच्या. गिऱ्हाइकानं यायचं, पेला पुढं करायचा आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसासकट दूध द्यायचं, असा आमचा धंदा. घरून भरून आणलेलं दूध कट्ट्यावर कुणी पीत नाही. त्यामुळं मला लहानपणापासून एकच खोड लागली. जे काही असेल ते माझ्यासमोर करून दाखव. तोंडानं सांगू नको.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. थोरली मुलगी शाहूवाडीकडच्या डोंगरात दिली होती. माणसं चांगली, भाताची शेती, घर मोठं. फक्त व्याही तोंडाचे फटकळ. आता फटकळ मीही आहे, म्हणून तर आमचं जमायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी मुलीला आणायला वैरणीचा टेम्पो घेऊन गेलो. टेम्पो एका दोस्ताचा, पण एरवी त्यात वैरण माझी, चालवणारा मीच. धुऊन, पुसून, आत सतरंजी टाकून नेला होता. चढ असल्यानं तो घराखालच्या ओढ्यापाशीच लावला. व्याही माणसांसह मुलीला पोचवायला तिथं आले. टेम्पोभोवती एक फेरी मारली आणि मोठ्यानं म्हणाले,

"पावणं, म्हशी कुठं उतरवल्या?"

सगळी माणसं हसली. माझी मुलगी खाली मान घालून टेम्पोत चढली. ते मान घालणं मी विसरलो नाही.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी नव्यानं सांगायला नको. सातव्यात तिला न्यायची, हे बोलायला मी एस्टीनं गेलो. व्याही पान लावत बसले होते.

"न्या की," ते म्हणाले, "न्हाय कोण म्हणतंय? पण सून आमची वैरणीवर बसून जायाची न्हाय. आन् ओढ्यापासनं चालत बी जायाची न्हाय. दारात गाडी लागली पायजे. लग्नाला आलेली भाड्याची जीप ओढ्यावरनं मागं फिरली व्हती, ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात होतं. ओढा ओलांडला की त्यांच्या घरापर्यंत तांबड्या मातीचा उभा चढ. बैलसुद्धा तिथं थांबून श्वास घेतात.

"माझी स्वतःची गाडी आणीन," मी म्हणालो, "आन् तुमच्या उंबऱ्याला लावीन."

"आन् न्हाय लागली तर?"

"तर बाळंतपण हितंच करा. मी पुन्यांदा शब्द काढणार न्हाय."

बोलून गेलो. दाराआड मुलगी उभी होती, तिनं सगळं ऐकलं. घरी येऊन मालकिणीला सांगितलं तर तिनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"अवं, पोरगी माझ्याजवळ येणार म्हणून मी दुपटी शिवत बसलीया. आन् तुमी तिला पैजंवर लावून आला?"

 त्याला उत्तर म्हणजे गाडीच. आणि ती पाऊस लागायच्या आत, कारण एकदा तो चढ भिजला की मग कुणाचीच गाडी चढली नसती.

नवी गाडी घ्यायची माझी ऐपत नव्हती. जुनी घ्यायची, पण दगा न देणारी. आता टेम्पो चालवता येणं वेगळं आणि गाडी विकत घेणं वेगळं. इंजिनातलं मला तेव्हाही फार कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण मी विचार केला, की म्हैस घेताना मी काय तिच्या पोटात शिरून बघतो का? दोन वेळची धार काढून बघतो. तसंच करायचं.

पहिली गाडी एका एजंटाकडं बघितली. लालभडक, आरशासारखी चकचकीत, आत अत्तराचा वास. एजंट पोरगेलासा होता, पण तोंड सारखं चालू.

"काका, बसा. तलावाभोवती एक चक्कर मारू, लोण्यासारखी पळती बघा."

"तलावाभोवती माझी म्हैस बी पळती," मी म्हणालो. "पन्हाळ्याला जाऊ."

"पन्हाळ्याला? जाऊ की. तुम्ही आन् मी."

"मी, तू आन् माझी तीन माणसं."

आता ही तीन माणसं कोण ते सांगतो. कट्ट्याजवळच्या तालमीतले तीन पैलवान माझे रोजचे गिऱ्हाईक. कुस्त्या सोडून तिघांनाही बरीच वर्षं झाली होती, पण खाणं सुटलेलं नव्हतं. रिक्षात एक बसला की रिक्षावाला दुसऱ्याला घेत नसे. मी त्यांना विचारलं होतं आणि ते आनंदानं तयार झाले होते. पन्हाळ्यावर झुणका-भाकर खायला मिळेल एवढीच त्यांची अट.

मी हात केला तसे तिघं पानपट्टीच्या आडून बाहेर आले. एजंटानं त्यांच्याकडं बघितलं. मग गाडीच्या मागच्या चाकाकडं बघितलं.

"काका, आज टायरात हवा जरा कमी हाय. उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेलो. म्हणाला, गाडी विकली. गाडी तिथंच, त्याच्या पाठीमागं, अत्तरासकट उभी होती. तिघांतला थोरला पैलवान म्हणाला, "मामा, ह्यो गडी आखाड्यात उतरायच्या आधीच लंगोट सोडून पळाला की."

दुसरी गाडी एका बंगल्यातल्या साहेबांची. माणूस सरळ होता, लगेच तयार झाला. ते चालवायला, मी शेजारी, मागं तीन पैलवान. घाटाच्या पायथ्याच्या वाघबीळपर्यंत गाडी बरी गेली. घाट लागला तसा पुढून एक वास यायला लागला. साहेब म्हणाले, कुठंतरी उसाचं पाचट पेटवलंय वाटतं. अर्ध्या घाटात पुढच्या झाकणातून वाफ निघाली आणि पाचट कुठं पेटलंय ते सगळ्यांना कळलं. पाणी उकळून गेलं होतं. पैलवानांनी गाडी ढकलत वळवली आणि उताराला लावून दिली. साहेबांना फार वाईट वाटलं. मलाही त्यांचं वाईट वाटलं, पण माझ्या मुलीचं जास्त वाटलं असतं.

"मामा," धाकटा पैलवान घाम पुसत म्हणाला, "आज जोर-बैठका मारायला नकोत. पण झुणका ऱ्हायला."

दिवस पुढं सरकत होते. मालकिणीची दुपटी शिवून झाली होती, घड्या घालून ट्रंकेवर ठेवली होती. मी जेवायला बसलो की ती त्या घड्या उचलून दुसरीकडं ठेवायची. आमच्या भावकीत एकानं सुचवलं, की ती लाल गाडीच घे, थोडं वंगण-पाणी कर, एक दिवस चढली म्हणजे झालं. मी त्याला चहाही न देता वाटेला लावलं.

तिसऱ्या गाडीचा पत्ता सरकी-पेंडीच्या दुकानात लागला. दुकानाचे मालक लिंगायत, मूळचे सीमेकडचे, वयानं माझ्यापेक्षा थोर, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. माझ्या म्हशींची सरकी त्यांच्याकडूनच यायची. आप्पांच्या मुलानं नवी गाडी घेतली होती आणि जुनी, पांढरी, दुकानामागच्या पत्र्याखाली उभी होती. एका दारावर ओरखडा, सीटवर जुन्या साडीचं कव्हर. अत्तर वगैरे काही नाही, सरकीचा वास.

"विकायची हाय," आप्पा म्हणाले, "पण माझ्या मनात न्हाय. पोरगं ऐकत न्हाय. कुणाला बी देणार न्हाय मी."

"आप्पा, मला चढाची गाडी पायजे. समोर चढवून दाखवा. माझी तीन माणसं मागं बसतील."

आणि मी पैलवानांना पुढं बोलावलं. आता मी आप्पांच्या तोंडाकडं बघत होतो. गाडीकडं नाही. आप्पांनी तिघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाले,

"तिघंच?"

मग हमालाला हाक मारली. "अरे, डिकीत सरकीची दोन पोती टाक रे."

गाडी घ्यायची हे माझं तिथंच ठरलं. पण ते मी दाखवलं नाही.

आप्पा स्वतः चालवायला बसले. तेही काही कमी वजनाचे नव्हते. गाडी मागून इतकी खाली बसली की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. घाट लागला. आप्पा बोलत होते, आणि बोलताना माझ्याकडं वळून बघत होते. त्यांच्या सुनेचं, पावसाचं, पेंडीच्या भावाचं. इंजिन आपलं एका सुरात चाललेलं. मी नाक पुढं करून वास घेत होतो. काही नाही. सरकीच.

अगदी उभ्या वळणावर आप्पांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. चावी काढून माझ्या हातात दिली.

"तम्मा, आता तू चालव." धाकट्या भावाला ते तिकडं तम्मा म्हणतात.

"हितनं? चढावर? एवढ्या वजनानं?"

"मग काय सपाटीवर? तुला चढाची पायजे न्हवं? समोर करून बघ की."

माझंच बोलणं माझ्या हातात आलं. मी जागा बदलली. मागं तिघांनी पुढच्या सीटा घट्ट धरल्या. हँडब्रेक, पहिला गिअर, चावी. गाडी सुरू झाली. ब्रेक सोडला तशी एक इंचही मागं न जाता ती पुढं निघाली, हळू, मान खाली घालून ओझं ओढणाऱ्या रेड्यासारखी. मागनं तिघांनी एवढ्या मोठ्यानं आरोळी दिली की आप्पांची टोपी पुढं आली.

पन्हाळ्यावर झुणका-भाकर झाली. तिघांच्या पुढ्यातल्या भाकरीच्या चवडी बघून आप्पा म्हणाले, "उतरताना ब्रेक बी चांगले लागतील बघ, आता वजन वाढलंय." ब्रेकही लागले. किती द्यायचे ते आम्ही दोघांनी परत येताना ठरवलं आणि तो आकडा मी मालकिणीशिवाय कुणाला सांगितलेला नाही. गाडी ताब्यात देताना आप्पांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. "कुठं न्हेणार पहिल्यांदा?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "मग पोती राहू देत डिकीत," ते म्हणाले, "लेक घरात येणार, म्हशी दूध जास्त दिऊ देत."

ठरल्या दिवशी मी आणि मालकीण पहाटेची धार उरकून निघालो. दुधाची एक बरणी तिच्या मांडीवर. वाटेत ती एकदाच बोलली. "अवं, चढंल न्हवं?" मी म्हणालो, "तू बरणी धर."

ओढ्यावर पोचलो तर व्याही वाटेतच उभे. एकटे नाहीत. दोन भावकीतले सोबत, आणि बैलजोडी. बैलांच्या जुवाला नाडा बांधून तयार.

"या पावणं!" ते म्हणाले. "म्हटलं, ओढून न्यायला लागंल, म्हणून सोय करून ठेवली."

भावकीतले दोघं तोंडावर हात धरून हसत होते. मी काच खाली केली.

"बैलं सोडा, पावणं. दमली असतील. तुमी तिघं मागं बसा."

"आमी? चढावर?"

"तीन माणसं मागं बसल्याशिवाय माझी गाडी चढत न्हाय. सवय हाय तिला."

त्यांना समजलं नाही, पण सगळ्यांसमोर नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. बसले. मी ओढा ओलांडला आणि चढाला लागलो. मधोमध, जिथं बैल श्वास घेतात, तिथं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि मागं वळून विचारलं,

"पावणं, हितनं तुमचं कुठलं रान दिसतंय?"

"अवं... रान ऱ्हाऊ द्या... गाडी मागं..."

"न्हाय जात. सांगा की, कुठलं?"

व्याह्यांनी एका हातानं दार धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या भावकीतल्याचं मनगट. त्यांनी कुठंतरी बोट दाखवलं. मी ते रान नीट बघितलं, चांगलं आहे म्हणालो. मालकिणीनं बरणी घट्ट धरली. मग चावी फिरवली, ब्रेक सोडला, आणि माझी गाडी मान खाली घालून चढली ती थेट त्यांच्या उंबऱ्याला लागली. इतकी जवळ, की उतरायला दार अर्धंच उघडलं.

मुलगी दारात उभी होती. ती आधी गाडीकडं बघायला लागली, मग मागून उतरणाऱ्या सासऱ्याकडं. ती हसली. कुणाला दिसू नये म्हणून तोंडाला पदर लावला, पण मला दिसलं. या वेळी मान वर होती.

व्याह्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, जशी टेम्पोभोवती मारली होती. डिकीपाशी थांबले. मी डिकी उघडून दाखवली. आत आप्पांची सरकीची दोन पोती.

"वैरण हाय की मागं," ते म्हणाले, पण आवाज उतरला होता. मग सुनेकडं वळून म्हणाले, "सावकाश जा गं. आन् पावणं, येताना नातवाला बी ह्याच गाडीतनं आणा. भाड्याची नको."

परत येताना मुलगी मागच्या सीटवर, पाय वर घेऊन, उशाला आईची मांडी. कोल्हापुरात शिरल्यावर मी घरी न जाता आधी कट्ट्यावर गाडी नेली. संध्याकाळची वेळ, तिन्ही पैलवान पेले घेऊन उभेच. मी मुलीसमोर धार काढली आणि पहिला पेला तिला दिला. तिच्या ओठांना फेस लागला.

थोरला पैलवान गाडीच्या दाराशी वाकला. "मामा, एक फेरी मारू की पन्हाळ्याला. बसतो मागं आम्ही."

"आता न्हाय," मी म्हणालो. "जागा भरलीया."